सेफ्टी बोटीवरचा याकोब

गोदावरीला पूर आला आणि आमच्या इंजिनिअर कंपनीला परभणी जिल्ह्यात जायचा हुकूम झाला. बोटी, इंजिनं, दोर, लाइफ जॅकेट, रेशन, सगळं संध्याकाळपर्यंत गाड्यांवर चढलं. कंपनीत परभणीचे आम्ही दोघंच. एक मी, मारोती, पालम तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरचा. दुसरा याकोब साळवे, पूर्णेचा, ख्रिस्ती, बाप रेल्वेत सांधेवाला. दोघंही सॅपर, एकाच भरतीचे. आणि कंपनीत लान्स नायकची जागा एकच रिकामी होती.

ती फीत मला हवी होती. ती याकोबला मिळणार, हे सगळ्या कंपनीला माहीत होतं. त्या काळात माझ्या पोटात अन्न कमी आणि जळफळाट जास्त असायचा.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, फौजेत हेवा मेडलचा असतो. मला याकोबचा हेवा वाटायचा तो देगच्या बुडावरून. लंगरवर, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, भांड्यांची पाळी आली की आम्ही देग, ते भलं मोठं पातेलं, आतून घासायचो. बाहेरचं काळं कोण बघतो? हा बाहेरूनही घासायचा. कुणी बघत नसलं तरी घासायचा, आणि नेमकं सुभेदार साहेब कधीतरी बघायचे. राउंडला अधिकारी येणार नाही अशी पक्की खबर असली तरी याच्या ड्यूटीत याची पाठ भिंतीला टेकायची नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चारपाईजवळ गुडघे टेकायचा, प्रार्थना करायचा आणि मग आमच्यासाठी पाणी तापत ठेवायचा. मला त्या पाण्याने अंघोळ करतानाही राग यायचा.

एकदा मी फॉल-इनच्या हजेरीला उशिरा पोचणार होतो. त्याला म्हणालो, हवालदाराला सांग, मारोती एमआय रूमला, दवाखान्यात गेलाय. त्याने सांगितलं नाही. खोटं बोलायचं नाही म्हणे. मला शिक्षा लागली, पाठीवर पिट्ठू बांधून ग्राउंडला चकरा. मी पळायला लागलो तर हाही स्वतःचा पिट्ठू बांधून माझ्या शेजारी पळायला लागला. आता अशा माणसाचं काय करायचं? राग धरायलासुद्धा याने जागा ठेवली नाही.

त्या चकरा मारताना मी त्याला विचारलं की एवढं सगळं कशासाठी, फितीसाठीच ना?

"हजेरी कवा घेतील ते सांगत न्हाईत, मारोती," तो म्हणाला. "म्हणून हजर ऱ्हायाचं."

तो सुभेदार साहेबांबद्दल बोलत नव्हता, एवढं मला कळलं. माझ्या घरीही देव होते, खंडोबा होता, पण देगचं बूड तपासणारा देव मी पहिल्यांदाच ऐकला.

पुरासाठी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गाड्या पूर्णेत थांबल्या. पुढे रस्त्यावर पाणी होतं. याकोबचा बाप बातमी ऐकून फडक्यात भाकरी बांधून रस्त्यावर येऊन उभा होता. आमच्यातले निम्मे जण तोवर चहाला खाली उतरले होते, विचारायची गरज कुणालाच वाटली नव्हती. बाप समोर उभा, आणि याकोब गाडीतच. आधी सुभेदार शिंदे साहेबांकडे बघून म्हणाला, "साहेब, उतरू का?"

शिंदे साहेब साताऱ्याचे. ते हसले. म्हणाले, अरे बाप आहे तुझा, उतर की. मग हा उतरला आणि बापाच्या पाया पडला.

मी म्हाताऱ्याला चिडवलं. म्हणालो, बाबा, तुमचं पोरगं जेवायलासुद्धा परवानगी मागतं. म्हातारा काही ओशाळला नाही. "सिग्नल पडल्याबिगर गाडी हालत न्हाई, पोरा," तो म्हणाला. "आमच्या घरी तसंच हाय." लेकाकडे त्याने ज्या नजरेने बघितलं, तसं माझ्या बापाने माझ्याकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही. माझा बाप माझी बढाई मारायचा. ते वेगळं. याकोबच्या बापाने आणलेली भाकरी आम्ही दोघांनी खाल्ली. ठेचा चांगला होता, हेही कबूल करावं लागलं.

पालम तालुक्यात नदीकाठी आम्ही पोचलो ती सकाळ. समोर पाणीच पाणी. मध्ये एका उंचवट्यावर मेंढपाळांचा एक वाडा, म्हणजे कळपासकट मुक्कामाचा तळ, अडकला होता. म्हातारा, त्याची सून आणि शे-सव्वाशे मेंढरं. बाकीची माणसं आदल्या दिवशी निघाली होती. म्हातारा मेंढरं सोडायला तयार नव्हता आणि सून म्हाताऱ्याला.

शिंदे साहेबांनी कामं वाटली. रेस्क्यू बोटीवर इंजिनला नायक पवार आणि पुढे मी, कारण त्या माणसांची बोली माझी. मला आनंद झाला. काठावर तालुक्यातली माणसं जमली होती, त्यात माझ्या गावचीही होती. मोबाइलवर फोटो निघत होते. याकोबला खाली, प्रवाहाच्या बाजूला सेफ्टी बोट मिळाली. सेफ्टी बोटीचं काम म्हणजे काठावरच्या चिंचेला बांधलेल्या लांब दोरावर पाण्यात थांबायचं आणि वरच्या बोटीकडे बघत बसायचं. दिवसभर. काही झालं नाही तर तुम्ही तिथे होता हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. माणसं कमी होती, म्हणून तो एकटाच.

मी मनात म्हणालो, बस आता बघत. तेवढ्यात साहेब पवारांना म्हणाले, "खाली मला भरवशाचाच माणूस पाहिजे." झालं. जी जागा मला नको होती, तिचाही मला हेवा वाटला.

साहेबांनी याकोबला दोनच गोष्टी सांगितल्या. नजर हटवायची नाही. विचारल्याशिवाय दोर सोडायचा नाही. तो म्हणाला, "जी साहेब."

उंचवट्यावर म्हाताऱ्याला समजावण्यात बराच वेळ गेला. आमच्याच बोलीत बोललो. म्हणालो, आबा, पाणी उतरलं की मेंढरं हितंच सापडतील, तुमी गेलात तर त्यांना कोण हाय? शेवटी तो जॅकेट घालायला तयार झाला. जनावर बोटीत घ्यायचं नाही, हा हुकूम मी दोघांना नीट सांगितला. सुनेने मान हलवली आणि घोंगडी गच्च लपेटून बोटीत बसली.

मेंढपाळाच्या घरी एक गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक असते. ओढ्याला पाणी असलं की कळप हाकलून पलीकडे जात नाही. एक कोकरू उचलायचं, ते घेऊन पुढे व्हायचं. ते ओरडतं, त्याची आई पाण्यात शिरते, आणि एक शिरली की मागे सगळा कळप. त्या बाईने तेच केलं. पिढ्यान् पिढ्या जे केलं तेच. फरक इतकाच, की समोर ओढा नव्हता, गोदावरी होती.

आम्ही मधल्या धारेत असताना घोंगडीत कोकरू ओरडलं.

मी मागे बघितलं. उंचवट्याच्या कडेवरून पहिली मेंढी पाण्यात पडली, मग दुसरी, मग मोजायचं कारण उरलं नाही. धारेने ती सगळी आमच्या बोटीवरच आणली. म्हातारा ते बघून उभा राहिला. पवारांनी "बसा" म्हणेपर्यंत मेंढरं एका बाजूला आदळली, म्हाताऱ्याचा भार त्याच बाजूला गेला आणि बोट उलटली.

पाण्यात मला लोकर, शेण आणि पेट्रोल यांचा वास आठवतो. नाकातोंडात पाणी. जॅकेटने वर आलो तेव्हा प्रवाह आम्हाला खाली नेत होता, आणि खाली, जिथे असायला पाहिजे तिथेच, याकोबची बोट होती. त्याने ती दोराच्या टोकावर अशी आडवी धरली होती की आम्ही थेट तिच्यावर गेलो. आधी बाई, मग पवार, मग मी. तिघांनाही त्याने कॉलरला धरून आत ओढलं. बाईने कोकरू सोडलं नव्हतं. म्हातारा मात्र हाताला लागला नाही, पलीकडून निघून गेला.

मी ओरडलो, "सोड दोर! आबा चाललाय!"

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वायरलेस सेट तोंडाशी धरला.

"साहेब, सेफ्टी. तिघं घेतले. एक माणूस खाली चाललाय, जॅकेट हाय. दोर सोडू का? ओव्हर."

"सोडू नको. आधी तिघं काठाला. ओव्हर."

"रॉजर."

मी त्याला शिव्या घातल्या. माझ्याच जातीचा, माझ्याच तालुक्यातला म्हातारा वाहून जात होता आणि हा रॉजर म्हणत होता. काठावरच्या जवानांनी दोर ओढला, बोट काठाला लागली. नंतर कुणीही नकाशा काढून दाखवला असता: खाली बुडालेला पूल होता, आणि चौघांचा भार घेऊन ती बोट सुटली असती तर चौघं गेलो असतो. म्हाताऱ्यासकट पाच.

आम्हाला उतरवून याकोबने पुन्हा विचारलं. साहेब तेव्हा समोरच उभे होते. म्हणाले, "सोड." मी परत बोटीत पाय टाकला तर साहेब म्हणाले, "मारोती, खाली उतर." मी उतरलो. याकोबने चिंचेचा दोर सोडला, गुंडाळून बोटीत घेतला आणि इंजिन चालू केलं.

म्हातारा पुढे एका बाभळीच्या शेंड्यात अडकला होता. याकोब तिथे पोचला, ते आम्ही दुर्बिणीतून बघितलं. म्हातारा भीतीने फांदी सोडत नव्हता. मग सेटवर त्याचा आवाज आला.

"साहेब, आबांना झाडाला बांधलं. दोर तिकडंच गेला, बोटीला उरला न्हाई. पंख्यात पाचट अडकलंय, इंजिन बंद हाय. बोट चाललीय. ओव्हर."

"वल्हं मार. काठ पकड. ओव्हर."

"जी साहेब."

त्यानंतर सेट बोलला नाही. शिंदे साहेब बोलावत राहिले. सेफ्टी, सेफ्टी, आवाज येतोय का? अंधार पडेपर्यंत बोलावत होते. म्हाताऱ्याला दुसऱ्या बोटीने आणलं. याकोब दुसऱ्या दिवशी पुलाच्या खाली सापडला.

फीत मला मिळाली. दुसरं कोण होतं? मी हवालदार होऊन घरी आलो. मधल्या वर्षांत पुराची ड्यूटी अनेकदा लागली आणि बोटी वाटायचं काम माझ्याकडे आलं. ज्याला सेफ्टी बोट द्यायचो, तो तोंड वाकडं करायचा. एकदा मी स्वतःच बसून बघितलं. दुपारपर्यंत माझी नजर चारदा काठाकडे गेली होती, कोण फोटो काढतंय ते बघायला.

आता मी पालमला असतो. दर वर्षी त्या दिवशी एसटीने पूर्णेला जातो. ख्रिस्ती कब्रस्तानात एका कडेला त्याची कबर आहे. बाप अजून आहे, काठी टेकत येतो. मी राम राम म्हणतो, तो जय ख्रिस्त म्हणतो. आम्ही गवत उपटतो, पाणी घालतो. तो डोळे मिटून प्रार्थना करतो, मी टोपी काढून उभा राहतो. लेक कसा गेला, त्याला त्रास झाला का, सरकारने काय दिलं, यातलं त्याने मला कधी काही विचारलं नाही. तो एकच विचारतो, आणि दर वर्षी पहिल्यांदा विचारल्यासारखं विचारतो.

"सिग्नल पडल्यावरच हालला ना, पोरा?"

"हो बाबा," मी सांगतो. "साहेबांनी सोड म्हणल्यावरच."

म्हातारा मान हलवतो. त्याचा चेहरा असा होतो, की लेक आत्ताच ड्यूटी संपवून घरी आलाय.

मेलेल्याचा हेवा करू नये म्हणतात. परत एसटीत बसलो की मी तो करतो, पालम येईपर्यंत. माझ्यामागे माझी फीत राहील, पेन्शन राहील, पोरं फोटोला हार घालतील. पण मी जागेवर होतो का, हे विचारणारं कुणी नसेल, आणि हो म्हणून सांगणारंही.