बर्फाखालचा शिपाई

दुकान बंद करण्याआधी चाचा ब्रशच्या मागच्या टोकानं कॅनव्हासवरचा एकेक शिपाई मोजायचे आणि विचारायचे, "हजेरी पुरी?" मी फ्रेमच्या पट्ट्या कापता कापता "पुरी" म्हणायचं, हा आमचा रिवाज.

इथे आखातात, माहूजमधल्या आमच्या फ्रेमच्या दुकानात दापोलीचे चाचा पाट्या आणि चित्रांच्या नकला रंगवत. जुफैरच्या एका हॉटेलला व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्रज बाईनं काढलेलं युद्धाचं चित्र हवं होतं. चाचा त्या बाईच्या नादालाच लागले. तिनं लढाई कधी पाहिली नव्हती. लढून आलेल्या शिपायांना समोर उभं करून ती चित्रं काढायची. हे सगळं ते असं सांगत, जणू बाई त्यांच्याच मोहल्ल्यातली. एकदा एसी सोळावर लावून मलाही अर्धा तास उभं केलं. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "थंडी तोंडावर दिसाया हवी."

चित्रात लढाई संपलेली, बर्फात शिपायांची हजेरी चाललेली, आणि एकजण रांगेपुढे पालथा पडलेला. मॅनेजर म्हणाला, लोक याखाली बसून जेवणार, हा मुडदा काढा. चाचांनी सरळ नाही म्हटलं. मग आमच्या दुकानाच्या मालकांनी त्यांना बाजूला घेऊन व्हिसा रिन्यू व्हायचा आहे याची आठवण करून दिली. चाचांच्या धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं.

दोन दिवस हजेरी झाली नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजरसमोर चाचांनी पडलेल्या शिपायावर पांढरा बर्फ घातला. तुम्हीही चिडला असता. मी तर त्यांना तोंडावर भित्रा म्हटलं. त्यांनी रंगाची बाटली माझ्या हातात दिली. सगळं चित्र तेलरंगाचं आणि ही बाटली पोस्टर कलरची, पाण्यानं जाणारी. रंग पक्का करणारं वॉर्निश त्यांनी मारलंच नाही, आणि काच चमकते म्हणून नको, हेही हॉटेलला पटवलं.

"लढाईत तो एकदा मेलाय," चाचा म्हणाले. "परत मी नाय मारायचा."

मुलगी नोकरीला लागली त्याच महिन्यात त्यांनी स्वतःहून व्हिसा कॅन्सल केला. दापोलीत त्यांना जेमतेम दोन वर्षं मिळाली. मी भित्रा म्हणालो होतो त्याची माफी मागायची राहून गेली.

गेल्या आठवड्यात त्या हॉटेलात फ्रेम ठीक करायला गेलो. सफाईवाला चित्र रोज ओल्या फडक्यानं पुसतो. बर्फ पार गेला होता आणि शिपाई आपल्या जागी पडलेला होता. मॅनेजर म्हणाला, हा परत आला, याच्यावर काहीतरी मार. माझाही व्हिसा त्याच मालकांकडे आहे.

मी पेन्सिल उलटी धरली, एकेक शिपाई मोजला.

"हजेरी पुरी आहे," मी म्हणालो. "आता कुणाला काढता येणार नाही."