दाबलेली पाकळी

आमच्या गव्हाणकडच्या गावात अडलं की गावदेवीला कौल लावतात. कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, मनातलं बोलायचं आणि वाट बघायची. उजवी गळली तर हो, डावी गळली तर नाही. माझी बायको यातली पक्की. म्हैस घ्यायची की नाही तेसुद्धा ती देवीला विचारून यायची. मी चौथी शिकलेला, मिठागरावर राबणारा, पण चेष्टा करायचो. म्हणायचो, "दगडाला काय कळतंय म्हशीतलं?"

ती आजारी पडली तेव्हा पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करायला लागेल. ही अडून बसली.
"आधी देवीआईला विचारून या."
"मी?"
"मग कोण? मला चालवतंय का?"

गेलो. पाकळ्या लावल्या. डावी जरा हलल्यासारखी वाटली. पुजारी पाठमोरा समई पुसत होता. मी डाव्या पाकळीवर अंगठा असा दाबला की ती शेंदरात रुतूनच बसली. मग काय, उजवी पडली.

घरी येऊन सांगितलं, आईनं हो म्हटलं. बायकोनं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. हात धरला आणि अंगठा उलटा केला. शेंदरानं लाल.
"डावी दाबलीत ना?"
मी हात सोडवून घेतला.
ती हसायला लागली. हसता हसता कळ आली तरी थांबेना.
"आवो, तुमाला जहाजावर नोकरीला जायचं होतं, आठवतंय? तवा मी कौल लावला. उजवी दाबलीवती मी."

मी हबकलो. जहाज हुकलं म्हणून कितीतरी वर्षं मी त्या देवीला शिव्या दिल्या होत्या!
"म्हंजे तू अडवलंस मला?"
"आईनंच अडवलं. तिला धाडायचं असतं तर दाबलेली पन गळली असती. आपल्या अंगठ्यात काय जोर हाय? चला, पिशवी भरा माझी."

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर दोन दिवाळ्या तिनं माझ्यासोबत काढल्या. तांदळाच्या भाकऱ्या केल्या, मला शिव्या घातल्या, ओटीवर बसून कोलंबी सोलली. मग गेली.

मुलानं पनवेलजवळ विचुंब्याला फ्लॅट घेतलाय. आईचे दिवस झाल्यापासून तो एकच बोलतोय, "बाबा, एकटे नका राहू. चला." मला जायचं नव्हतं. या घरात तिचा पाटा आहे, ओटीवर तिची बसायची जागा गुळगुळीत झालीय. मी त्याला म्हटलं, गावदेवीला विचारतो. मला वाटलं, डावी पडेल, सुटलो.

काल सकाळी गेलो. पाकळ्या भिजवल्या, दोन बोटांनी हलक्या हातानं लावल्या आणि हात पाठीमागे घेतले.
पुजारी म्हातारा बेरका. म्हणाला, "काय वो, आज हात बांधून उभं?"
"तुला माहीत होतं?"
"समई पितळेची हाय. तिच्यात दिसतं सगलं."

मी मनातल्या मनात डावी, डावी करत होतो. पाय भरून आले. डाव्या पाकळीला पाणी सुटलं, थेंब खाली उतरला, पाकळी तिथेच. उजवीवर अंगठा लावायला एक क्षण पुरला असता. नाही लावला.

उजवी पडली.

पुजाऱ्यानं ती उचलून माझ्या हातावर ठेवली. मी देवीला म्हटलं, बरं. बाहेर येऊन मुलाला फोन लावला. म्हटलं, रविवारी टेम्पो घेऊन ये, पाटा जड आहे, एकट्याला उचलवायचा नाही.