खिडकीला ठोकलेलं पोतं

लातूर जिल्हा झाला आणि आबांची बदली रेणापूरहून लातूरला झाली. आबा सरकारी कचेरीत शिपाई होते. गावाच्या टोकाला त्यांनी एक प्लॉट घेतला आणि त्यावर दोन पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या. आजूबाजूला नुसतं काळं रान, झाडाचं नाव नाही. सामानाचा टेम्पो दारात उभा असताना आई अंगणाच्या मधोमध उभी राहिली, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि म्हणाली, "इथं माणूस जगंल कसं?"

मला मात्र ते ऊन बघून आनंद झाला होता. मी तेव्हा डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते आणि जगातलं सगळं मलाच कळतं अशी माझी खात्री होती. टोमॅटो, मिरच्या, झेंडू लावायचे, ते उन्हाशिवाय येत नाहीत, असं मी घरात ठणकावून सांगितलं. मी दक्षिणेच्या बाजूला वाफा काढला. आईने पंधरा दिवसांत पश्चिमेला तुराट्यांचा मांडव घातला आणि त्यावर दोडक्याचा वेल चढवला. मग मांडव हळूहळू पुढं सरकू लागला. दर महिन्याला दोन खांब, चार तुराट्या, एखादं फाटकं पोतं. माझी टोमॅटोची रोपं सावलीत वाढून काटकुळी झाली, फुलं गळाली. मी पोतं बाजूला करायची, कॉलेजातून येईपर्यंत ते परत जागेवर असायचं. आम्ही दोघी सारख्याच हट्टी. आबा कपाळाला हात लावून कचेरीत निघून जायचे.

आईचं उन्हाशी वैर का होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. माझा धाकटा भाऊ तेव्हा चार महिन्यांचा होता. कामाच्या कडेला एकच बाभूळ होती. तिच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्याला निजवायचे आणि सगळ्या बायका कामाला लागायच्या. एका दुपारी सावली सरकली, झोळीवर ऊन आलं, आणि खडीचं ठरलेलं माप पूर्ण होईपर्यंत कुणी हातोडा खाली ठेवला नाही. पोर तापलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. मी आठ वर्षांची होते. तेव्हापासून आई बसताना, निजताना, कपडे वाळत घालताना आधी सावली कुठं जाईल ते बघायची. हे सगळं ठाऊक असूनही मी तिच्याशी भांडत होते, याची मला आता लिहिताना लाज वाटते.

चैत्र संपता संपता थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला आली. सरकारी दवाखान्यात सुखरूप सुटली, मुलगी झाली, दुसऱ्या दिवशी घरी आली. आईने आतली खोली बाळंतिणीची केली. बाळंतिणीची खोली आमच्याकडं अंधारीच असते, वारं लागू नये, नजर लागू नये म्हणून. पण आईने त्यावर कडी केली. एकुलत्या खिडकीला दुहेरी पोतं ठोकलं, वर पाणी मारलं, दाराला घोंगडी टांगली. आत ओव्याची नि लसणाच्या सालींची धुरी. भर दुपारी आत शिरलं की माणसाला स्वतःचा हात दिसत नसे. खाटेवर बहीण कुठं आहे ते तिच्या श्वासावरून कळायचं.

"लेकराला सकाळचं कोवळं ऊन दाखवावं," मी पुस्तकातलं बोलले.

"तुझ्या पुस्तकाला लेकरं किती?" आई म्हणाली. "उन्हाचं नाव काढू नको या घरात."

रोज सकाळी ती बाळाला तेल, हळद आणि डाळीचं पीठ लावून खसखसून चोळायची, न्हाऊ घालायची, धुरी द्यायची आणि गुंडाळून परत अंधारात ठेवायची. बाळाचे कपडे, दुपटी, आईचे हात, सगळं हळदीने पिवळं झालेलं.

चौथ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर मांडव माझ्या सबंध वाफ्यावर आला होता. एकाच रोपाला तीन टोमॅटो धरले होते, त्या रोपाच्या बुडातच आईने खांब रोवला होता. माझं डोकं फिरलं. ती चुलीपाशी होती. मी तडक आतल्या खोलीत गेले आणि रागाच्या भरात खिडकीवरच्या पोत्याचं एक टोक उपसलं. उन्हाची एक तिरीप थेट बाळाच्या तोंडावर पडली. बाळाने डोळे किलकिले केले.

डोळ्यांचं पांढरं पिवळं होतं.

हळद कातडीला लागते, डोळ्यांत जात नाही. एवढं कळायला पुस्तकही लागत नाही. तेवढ्यात आई धावत आली, बाळावर पदर धरला आणि पोतं परत दाबून बसवलं.

"लेकरू पिवळं दिसायलंय, माय," मी म्हणाले.

"हळद हाय ती. सरक. मारतीस का तिला बी उन्हात?"

ते 'तिला बी' मला झोंबलं. जसं काही भावाला मीच मारलं होतं. डोळ्यांचं बोलायचं राहून गेलं असं नाही. मी बोलले नाही. "तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून बाहेर आले आणि तो खांब उपटायला लागले.

पुढचे दोन दिवस घरात कमालीची शांतता होती. बाळ रडायचंच नाही. पाजायला उठवावं लागायचं, दोन घोट घेऊन परत झोपायचं. "लई शांत हाय माझी बाय," आई शेजारणींना सांगायची आणि तिच्या तोंडावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं समाधान असायचं. मी वाफ्यात मातीशी खेळत ते ऐकायची.

सातव्या दिवशी पहाटे बाळाने एक बारीक, उंच किंकाळी फोडली आणि मान मागं टाकली. आबांनी सायकल काढली, बहीण रिक्षात बसली, आईच्या पायात चप्पल नव्हती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला उजेडात धरलं आणि पापणी ओढून डोळा बघितला. कावीळ डोक्यापर्यंत चढली होती, बाळाचं रक्त बदलावं लागलं. ते वाचलं. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आधी लक्षात कसं आलं नाही? ऊन काही औषध नाही, पण उजेडात दिसलं तरी असतं. तीन दिवस आधी आणायला पाहिजे होतं."

तीन दिवस. मी मनात मोजलं.

ती मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत आम्ही सगळे तिला वांड म्हणत होतो. हाक मारली तर यायची नाही, बोलायची नाही, आपल्याच नादात असायची. काही पोरं उशिरा बोलतात, असं शेजारीपाजारी म्हणायचे आणि आम्ही ते धरून ठेवलं होतं. त्या उन्हाळ्यात बहीण माहेरी आली होती. दुपारी पोर मांडवाबाहेर, भर उन्हात माती उकरत बसली. आईने हाक मारली, "बाई, सावलीत ये." मग मोठ्याने मारली. मग ओरडलीच. पोरीने मान वळवली नाही.

मी तेव्हा शाळेत नोकरीला लागले होते. असली मुलं मी वर्गात पाहिली होती, आणि जन्मल्याबरोबर झालेली कावीळ डोक्यात चढली तर कान जातात हेही मला तिथंच कळलं होतं. मी पितळी परात आणि वरवंटा उचलला, तिच्या पाठीमागं चार पावलांवर गेले आणि जोरात हाणला. कोंबड्या फडफडत पळाल्या. शेजारीण दारात आली. पोर माती उकरत राहिली.

आई उठून उन्हात आली, डोक्यावर पदर नव्हता. तिने पोरीची हनुवटी वर करून डोळ्यांत बघितलं. मग माझ्याकडं वळून तिने हळू आवाजात विचारलं, "तुला कवा दिसलं व्हतं गं, डोळ्यातलं पिवळं?"

"सातव्या दिवशीच," मी म्हणाले. "तुमच्याबरोबरच."

"मंग माझंच चुकलं," ती म्हणाली.

मी "नाही" म्हणाले नाही.