पिशवी गेली नवापूरला

आमच्याकडे एसटीच्या गाडीत चढण्याआधी खिडकीतून जागा धरायची पद्धत होती. गाडी फलाटाला लागते न लागते तोच रुमाल, टोपी, पिशवी, जे हातात असेल ते आत सीटवर टाकायचं. ज्याची वस्तू, त्याची जागा. मग दारातल्या रेटारेटीत कितीही वेळ गेला तरी चालायचा.

मी शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनी घरात सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, एक जरी पेपर बुडाला किंवा राहिला तरी शिक्षण बंद, मग लग्न. पाहुणे तयारच होते.

पेपर धुळ्याला. गावाहून पिंपळनेरला यायचं आणि तिथून धुळ्याची गाडी. आबा सोडायला आले होते. बाजाराचा दिवस, स्टँड माणसांनी फुललेलं. गाडी आली तशी मी धावले आणि खिडकीतून पिशवी टाकली. पिशवीत हॉल तिकीट, पेन आणि भाकरीचा डबा. दाराशी लोंबकळत होते तेवढ्यात गाडी हलली, मी खाली फेकले गेले. मागची पाटी तेव्हा दिसली आणि ती मी मोठ्यानं वाचली. नवापूर.

आबांना अक्षरओळख नव्हती. ते पाटीकडे बघून मला म्हणाले, "इतलं शिकीसन पाटी बी वाचता येत नही का तुले?"

भोवतालचे लोक हसले. मला रडू आलं नाही, राग आला. आबा म्हणाले, "चाल घर. आते काय परीक्षा!"

शेजारच्या फलाटावर धुळ्याची गाडी लागत होती. या वेळी पाटी दोनदा वाचली.

"आबा, पिशवी गयी, मी थोडीच गयी? मी धुयाले जास."

आबांनी बंडीच्या खिशातून भाड्याचे पैसे काढून हातावर ठेवले. साक्रीपर्यंत मी उभीच होते आणि मनात उत्तरं नाही, परीक्षा नंबर घोकत होते.

वर्गावरचे सर म्हणाले, "हॉल तिकीट नाही तर बसता येणार नाही."

"बसमध्ये राहिलं सर. नंबर पाठ आहे. तुम्ही म्हणाल ते लिहून देते, पण पेपर दिल्याशिवाय इथून हलणार नाही."

त्यांनी मला केंद्रप्रमुखांकडे पाठवलं. तिथेही मी हेच बोलले, शब्द न बदलता. पुढच्या पेपरला हॉल तिकीट दाखवीन, असं लिहून घेऊन त्यांनी मला बसू दिलं. पेन शेजारणीचा. वेळ कमी मिळाला, पण एकही प्रश्न सोडला नाही.

संध्याकाळी पिंपळनेरला उतरले तर आबा तिथल्याच बाकावर. मांडीवर माझी पिशवी. सकाळपासून ते हलले नव्हते. आबांनी विचारल्यावर नवापूरहून परतलेल्या कंडक्टरनं पिशवी त्यांच्या हातात दिली होती आणि वर सांगितलं होतं, "आबा, पोरीची जागा नवापूरपर्यंत रिकामी नेली. लोक उभे राहिले, पण त्या सीटवर कोणी बसलं नाही. दहिवेलला एक जण टेकायला गेला तर एक अक्का खेकसली, बाई येई ऱ्हायनी, पिशवी दिखस नही का?"

पिशवी उघडली. हॉल तिकीट होतं. डबाही तसाच. आबा दिवसभर उपाशी होते, पण माझ्या भाकरीला त्यांनी हात लावला नव्हता.

"पेपर व्हयना का?" त्यांनी विचारलं.

"व्हयना. समदा लिखा."

"मग खाय."

आम्ही दोघांनी तिथंच ती वाळकी भाकरी खाल्ली.

पुढच्या पेपरला आबा पुन्हा आले. आधी ड्रायव्हरला विचारलं, मग कंडक्टरला, मग खिडकीतल्या एका बाईला, "धुयेच ना?" तिघांनी मान हलवल्यावर डोक्यावरची टोपी काढून त्यांनी स्वतः खिडकीतून आत टाकली. उघड्या डोक्यानं ते कधी चारचौघांत उभे राहत नसत. त्या दिवशी गाडी सुटेपर्यंत उभे होते. लग्नाचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही, निकाल लागेपर्यंत. आणि निकाल चांगलाच लागला.

आता मी जळगावला मेहरूणमध्ये राहते. धुळ्याला जायचं तर स्वतःची गाडी स्वतः चालवत जाते. पर्स शेजारच्या सीटवर असते. कोणी बसायला आलं तरच ती उचलते.