चाळीस कुंड्या शेवंती

चार बायका जमल्या की सासूच्या गोष्टी निघतात. माझ्या तोंडून मात्र शेवंतीच्या निघतात, त्याला मी काय करू? लग्नाला अजून वर्षसुद्धा झालेलं नाही आणि किस्से एवढे साचलेत. मुद्दाम गोळा केलेले नाहीत हो. चाळीस कुंड्यांना दोन वेळा पाणी घालणाऱ्या बाईला दुसरं काही साठवायला सवडच कुठं असते?

लग्न ठरलं तेव्हा माळशिरसच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, दीर नाही, नणंद नाही, सुटलीस बाई! कुंड्यांचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मलाही नव्हतं.

*

वैशाखात लग्न झालं आणि वरात सोलापुरात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, सासूबाई ओवाळायला तबक घेऊन उभ्या, शेजारणींचं नाव घे नाव घे चाललेलं. एवढ्यात मागून मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, आवाज आला.

"सूनबाई, डावं पाऊल जरा आवरा. फुटवा आहे तिथं."

सासऱ्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. खाली बघते तर माझ्या शालूच्या काठाशी एक कुंडी, आणि तिच्यात बोटभर हिरवा कोंब. मी डावा पाय तसाच मागं घेतला आणि उजव्या पायानं माप लवंडलं.

बायका म्हणाल्या, वळण बघा मुलीचं, बरोब्बर उजवंच पाऊल पुढं टाकलं.

*

मामंजी मिलमध्ये हेडक्लार्क होते. झाडांचं वेड जुनं, पण रिटायर झाल्यापासून फक्त शेवंती. दिवाळी झाली की साहेबलोकांच्या बागेत फ्लॉवर शो भरतो. त्यात मामंजींना तीन वर्षं ओळीनं सेकंड प्राइझ मिळालं. फर्स्ट प्राइझ तिन्ही वर्षं भिंतीपलीकडच्या नरसय्यांना.

उन्हाळ्यात नळ तासभर यायचा आणि त्यातलं निम्मं पाणी शेवंतीचं असायचं. तेही पुरेना, म्हणून मामंजींनी मोरी बंद करून अंगणात फरशी टाकली. आंघोळ तिथंच करायची, म्हणजे पाणी पाटानं थेट कुंड्यांच्या रांगेला जातं. साबण चालत नाही. ह्यांना शाळेत शिकवायला जायचं असतं आणि वासाच्या साबणाची लहानपणापासूनची आवड. लग्न झाल्यावर नव्या बायकोसमोर त्यांनी दोन महिने बेसन लावून काढले.

एकदा दुधनीहून मामंजींचे जुने स्नेही आले. दाराशी टांगा थांबला तोच मामंजींनी विचारलं, "आंघोळ व्हायची असेल ना?" पाहुणे म्हणाले, छे छे, पहाटेच उरकून निघालो. मामंजींचा चेहरा पडला. मग म्हणाले, "प्रवासाची धूळ असते. पुन्हा एकदा करा की."

पाहुण्यांनी निमूटपणे केली. जाताना सासूबाईंना म्हणाले, "लई सोवळं हाय हो वहिनी तुमच्या घरात."

*

श्रावणात पंचमीला सासुरवाशिणी माहेरी जातात. मी चैत्रापासून, चुकले, वैशाखापासून दिवस मोजत होते. दादा, म्हणजे माझे वडील, न्यायला आले. मी ट्रंक भरून बसलेली.

पण श्रावणातच शेवंतीचे शेंडे खुडतात. शेंडा खुडला की खालून चार फांद्या फुटतात, आणि तो नेमका कुठल्या पानावर खुडायचा ते मामंजींना आता चष्म्यातूनही दिसत नाही. मला दिसतं. एवढाच माझा गुन्हा.

मामंजींनी दादांना आग्रहानं जेवायला घातलं, सगळ्या कुंड्या फिरून दाखवल्या, खत कसं कुजवायचं ते समजावलं. दादा भिडस्त माणूस. दोन तास मान हलवत राहिले. शेवटी मामंजी म्हणाले, "एवढे शेंडे होऊ द्या. दिवाळसणाला न्या की खुशाल."

मुलगी न्यायला आलेला माणूस डब्यात एक रोप घेऊन परत गेला. आईनं कार्डावर लिहिलं, रोप छान आहे, तू कशी आहेस?

*

भाद्रपदात मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर काळे बारीक किडे, बोटाला चिकट लागतात. त्याला तंबाखूचं पाणी मारायचं.

हे आम्हाला सांगितलं नरसय्यांनी. नरसय्या घरीच मागावर लुगडी विणतात आणि मामंजी गेल्या शोपासून त्यांच्याशी बोलत नाहीत. दोघंही भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि मधे मी.

"अम्मा, सांगा की त्यांना, तंबाखू भिजवा म्हणावं."

"सूनबाई, विचारा त्यांना, किती."

"मूठभर, अम्मा. घागरीला मूठ."

सगळं दोघांनाही ऐकू येत होतं. मी तरीही प्रत्येक वाक्य इकडून तिकडं पोचवलं. न पोचवलं तर दोघेही माझ्याकडं बघत थांबायचे.

तंबाखू आली. मामंजींची तंबाखू डॉक्टरांनी सोडवली त्याला चार वर्षं झाली होती. आठ दिवसांत मावा गेला. पुडी मात्र दर बाजारी येतच राहिली. सासूबाईंनी दोन पुड्या येऊ दिल्या. तिसऱ्या आठवड्यात पुडी हातात घेऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "आता कुठं पडलाय मावा, मिशीत?"

*

सगळ्यात अवघड काम अश्विनातलं. एका फांदीला पाच-सहा कळ्या येतात. त्यातली मधली ठेवायची आणि बाकीच्या खुडून टाकायच्या. मग त्या एकीचं फूल ताटलीएवढं होतं.

सासूबाईंनी हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. घरात नवी सून, तिची अजून ओटी भरायची आहे, आणि तिच्याच हातून कळ्या खुडवून घेता?

तेव्हापासून त्या दर सोमवारी सिद्धेश्वराला गेल्या की आम्ही खुडायला बसायचो. मामंजी काठीनं कुंडी दाखवायचे, मी खुडायची आणि कळ्या पदरात लपवायची. चोरी करायला सासरे आणि सून, हे कुणी ऐकलंय का? एका सोमवारी सासूबाई वाटेतून परत आल्या, कापूर विसरला म्हणून. मी घाबरून उठले आणि पदरातल्या सगळ्या कळ्या त्यांच्या पायाशी सांडल्या.

सासूबाईंनी मला बाजूला केलं. मामंजींकडं वळल्या. "देवाला काय सांगू मी? मी मागते आणि तुम्ही खुडवता?"

मामंजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, एकच ठेवलं तर मोठं होतं."

"आपणही एकच ठेवला होता," सासूबाई म्हणाल्या. "कुठं मोठा झाला?"

आत हे जेवत होते. घास चावायचे थांबले.

*

आता दिवाळीचं सांगते.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दादा आले. ह्यावेळी आईनं बजावून पाठवलं होतं, पहिला दिवाळसण आहे, पोरीला घेतल्याशिवाय घरी येऊ नका. ठरलं होतं असं की मी पुढं जायचं आणि पाडव्याला ह्यांनी यायचं. मी पुन्हा ट्रंक भरली. पंचमीला भरली होती तशी अगदी वरपर्यंत नाही, पण भरली.

मामंजी कुंड्यांपाशी खुर्ची टाकून बसले होते. फ्लॉवर शो दहा दिवसांवर आलेला. सात नंबरची पांढरी शेवंती अशी काही उमलत होती की नरसय्यासुद्धा कामाशिवाय भिंतीशी येऊन जायचे. मामंजी दादांना म्हणाले, "एवढी फुलं उतरू द्या. मग महिनाभर ठेवून घ्या मुलीला."

दादांनी उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली. रात्री ते आमच्याकडंच राहिले. मी संध्याकाळचं पाणी घातलं. चाळिसाव्या कुंडीपर्यंत आले तेव्हा रडायचं बळही अंगात उरलं नव्हतं.

सकाळी आम्ही दोघी करंज्या करायला बसलो. मी लाटत होते, सासूबाई सारण भरत होत्या. माझ्या पुऱ्या वाकड्या होत होत्या. त्यांनी दोन-तीन परत मोडून दिल्या आणि मग मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या वेळी गुलाब होते."

मला कळलं नाही. मी विचारलं, "कुठं?"

"हितंच. अंगणात. हा पाळण्यात होता तेव्हा. वडील तीन वेळा न्यायला आले माझे. एकदा छाटणी होती. एकदा कलमं होती. तिसऱ्यांदा काय होतं ते आता आठवत नाही."

"मग?"

"मग गेले ते गुलाब. एका दिवसात सगळे." त्यांनी करंजीची कड दुमडून नीट दाबली. "हे सगळ्यांना सांगतात, उन्हानं पोळून गेले. मार्गशीर्ष होता."

सासूबाई हात पुसून उठल्या. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी केव्हाच उरकल्या होत्या, दादांचीसुद्धा. त्यांनी तांब्याचा मोठा हंडा काठोकाठ भरला, अंगणातल्या चुलीवर चढवला आणि खाली दोन जाड लाकडं सारली. मग पदर खोचून शेजारी उभ्या राहिल्या.

मामंजी खुर्चीतून बघत होते. हंड्याच्या तोंडाशी वाफ आली तेव्हा विचारलं, "आणखी कुणाची आंघोळ राहिलीय का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

पाणी खदखदायला लागलं. सासूबाईंनी दोन्ही हातांत फडकी घेतली.

"अहो," त्यांनी विचारलं, "माळशिरसची मोटार किती वाजता सुटते?"

मामंजी काठीशिवाय उठले. कंबर धरून सात नंबरच्या कुंडीपुढं येऊन उभे राहिले.

"साडेदहाला, सात रस्त्याच्या चौकातून," ते म्हणाले. "सूनबाईंची ट्रंक बाहेर आणा कुणीतरी."