साबणाचा फासा

हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या त्या बाईला सगळे मावशी म्हणत. मॅनेजर मावशी म्हणे, पाहुण्यांची पोरं मावशी म्हणत, आणि ज्या सुपरवायझरनं ऐन वेळी तिची सुट्टी कापली तोही मावशीच म्हणाला. "सीझनच्या तोंडावर सुट्टी कसली मावशी? तुम्हीच नसलात तर खोल्या कोण करणार?" एवढं गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, ते काही तिला सुचलं नाही. ती बरं म्हणाली आणि बादली उचलून वरच्या मजल्यावर गेली.

भांडण घरी वाट बघत होतं. नवरा परगावी कामाला, तो येणार कधीमधी. घरात ती आणि दोन पोरं. या सुट्टीत समुद्राला जायचं, असं पोरांना कबूल करून वर्ष होत आलं होतं. थोरलीनं पिशवी भरून ठेवली होती आणि धाकट्यानं त्या पिशवीत गुपचूप एक वाटी सरकवली होती, वाळू खणायला. बेत बारगळला म्हटल्यावर धाकट्यानं घर डोक्यावर घेतलं, पोटभर रडला आणि मोकळा झाला. थोरली रडलीच नाही. तिनं पिशवी उपसली, कपडे जागच्या जागी ठेवले आणि आईशी अबोला धरला. दहा वर्षांची पोर, पण हट्टाला पक्की. भूक लागली तरी निरोप धाकट्याच्या तोंडून यायचा. दिवसभर गाद्या उचलून मावशीच्या कंबरेचा काटा ढिला व्हायचा, त्याचं तिला काही नव्हतं. पण दारातून आत शिरताना पोरगी मान फिरवते, हे तिला सोसवत नव्हतं.

खरं तर समुद्र मावशीनंही कधी पाहिला नव्हता. समुद्रावरून परतणारे लोक वाटेत त्या हॉटेलात मुक्काम करत, आणि सकाळी तिनं टॉवेल झटकला की न्हाणीघरभर वाळू सांडे. ती वाळू फरशीच्या फटीत बसली की निघता निघत नसे. समुद्राबद्दल मावशीचं काही मत असलंच तर ते एवढंच होतं.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी जरा पाठ टेकावी असं तिला फार वाटत होतं. पण टेकली नाही. तिनं एक जुनं खोकं फाडून पुठ्ठा सपाट केला, त्यावर नागमोडी वाट काढली आणि वाटेची घरं पाडली. पलंगांखाली सापडलेली बटणं तिच्या डब्यात साठलेली होती, त्या झाल्या सोंगट्या. फासा कुठून आणायचा? पाहुण्यांनी अर्धवट वापरून टाकलेली साबणाची एक वडी तिनं चौकोनी तासली आणि काडीनं टोचून ठिपके पाडले. मधल्या मोठ्या घरात कपड्यांची नीळ कालवून समुद्र रंगवला. मग पेन्सिल घेऊन घराघरांत सुट्टी लिहू लागली. गाडी चुकली, एक डाव थांबा. खोली तयार नाही, दोन घरं मागे. टॉवेल हरवला, शोधायला परत जा. चादरीवर चहा सांडला, पुन्हा सुरुवातीपासून. आणि अगदी शेवटच्या घरात: खोली रिकामी. इथं आधी पोचेल तो जिंकला.

"या रे, आपण सुट्टीला जाऊ," तिनं हाक मारली. धाकटा उडी मारून आला. थोरली खिडकीत पाठ करून बसून राहिली.

"ताई, ये ना! दोघांत मजा नाही येत."

बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर ताई आली, न बोलता पांढरं बटण उचलून आईपासून लांब बसली. पिवळं बटण मावशीचं. खेळ सुरू झाला. फासा हाताळून हाताळून तिघांच्याही हातांना हॉटेलाचा वास येऊ लागला. धाकट्याला दान पडतच गेलं, आणि तो सरळ शेवटच्या घरात जाऊन धडकला.

"खोली रिकामी! मी जिंकलो!" तो ओरडला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "आई, म्हणजे मी आता घरी आलो?"

"आलास की."

"आणि ताई अजून समुद्रावर?"

"हो."

"मग मी जिंकलो कसा? माझी तर सुट्टीच संपली!"

मावशीनं शेवटचं घर पुन्हा वाचलं. पाहुणे लवकर गेले की खोली लवकर हाती येते, खोली लवकर झाली की घरी लवकर जाता येतं. सुट्टीतली चांगली गोष्ट म्हणजे लोकांचं जाणं, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. आज पोरांसाठी सुट्टी करायला बसली तीसुद्धा झाडूच हातात घेऊन. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त थकवा आला.

थोरली पुठ्ठ्यावर वाकून एकेक घर वाचत होती. टॉवेल, चादर, चहाचे डाग. वाचून झाल्यावर तिनं आईकडे एकदा बघितलं. मग पेन्सिल घेतली, शेवटच्या घरातली ओळ खोडली आणि लिहिलं: सगळ्यांत शेवटी निघेल तो जिंकला. समुद्राच्या घरात लिहिलं: हवं तेवढं थांबा. पण तोंडातून शब्द नाही.

डाव नव्यानं मांडला. यावेळी मावशीचं बटण नेमकं निळ्या घरात पडलं. मागोमाग पोरंही तिथंच आली. आता थांबायचंच आहे म्हणून तिनं भिंतीला डोकं टेकलं, आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. कामावर झोप लागल्यासारखी ती दचकली. धाकट्याचं आणि थोरलीचं, दोन्ही बटणं शेवटच्या घरात होती. तिचं पिवळं तेवढं समुद्रावर.

"मला कंटाळा आला म्हणून मी निघालो," धाकट्यानं सांगून टाकलं. "पण ताई मुद्दाम निघाली. तिला थांबता येत होतं."

"माझी पाळी राहिली ना?" म्हणत मावशीनं घाईघाईनं फाशाला हात घातला.

थोरलीनं तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "तू थांब अजून."