निमगावच्या बाजारात ऐकलेली माझीच हाळी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. तरुणपणी कळपाबरोबर मसणवट्याच्या कडेला झोपलोय, कधी काही दिसलं नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच संकोच वाटतोय. पण सत्तरी ओलांडली आहे, आणि ही गोष्ट मी इतकी वर्षं लोकांना खोटी सांगत आलोय... ती आता सरळ करायची आहे.

नऊ-दहा वर्षं झाली असतील. माझी दारू तेव्हा जोरात होती. मुलगी मंगल सांगवीला दिलेली. माझ्यामुळे ती बाळंतपणालाही माहेरी आली नाही. मुलगा झाल्यावर तिनं आईला फोन केला – “परवा बारसं हाय. आबा पिऊन येणार असतील तर तू पण येऊ नकोस.”

बारशाच्या आदल्या दिवशी निमगाव केतकीचा बाजार होता. हौसा, म्हणजे माझी बायको, बाळाला कुंची आणि झबलं बघत होती. मी म्हणालो, “तंबाखू घिऊन येतो.”

“तंबाखूवाला ह्यो काय समोर बसलाय. पाय तिकडं कुठं निघालं?”

पाय दारूच्या गुत्त्याकडेच निघाले होते. खरं सांगतो, त्या क्षणी मला बाळही आठवत नव्हतं.

गुत्त्याचं दार दिसायला लागलं आणि मागून हाळी ऐकू आली.

हे जरा समजावून सांगतो. पाणवठ्यावर चार कळप एकमेकांत मिसळतात. मग प्रत्येक मेंढका आपापली हाळी देतो, आणि मेंढरं बरोबर आपल्या धन्याकडे वळतात. एकाची हाळी दुसऱ्यासारखी नसते. माझी लांब ओढलेली, शेवटी जीभ थरथरवून तोडलेली. ती मीच पोरवयात बसवली होती. कळप विकून कैक वर्षं झालेली, आणि दारूनं गळा असा बसलेला की साधी हाकही धड निघत नसे.

आणि ती हाळी माझी होती. माझ्याच तरण्या गळ्यातली.

मी थांबलो. वळून बघितलं – बाजार आपला चालू, कुणाचं लक्षही नाही. परत आली... शाळेच्या बाजूनं. मला भीती वाटली नाही, राग आला. कोण माझी नक्कल करतोय? दोन शिव्या हासडाव्यात म्हणून तिकडे गेलो. तिसऱ्यांदा ती शाळेमागच्या एका खोलीतून आली. मी दार ढकललं.

आत सतरंजीवर काही माणसं गोल करून बसली होती.

“हाळी कोण देतंय रं?” मी ओरडलो.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी काहीच ऐकलं नव्हतं. एक दांडगा गडी म्हणाला, “हितं हाळी न्हाय, मीटिंग हाय आबा. बसा, च्या घ्या.”

“मी न्हाय बसत.”

“मग उभ्यानं घ्या. कप तोच हाय.”

लोक हसले. त्यांच्यातला एकजण पुढे बोलायला लागला. बायकोच्या भीतीनं तो बाटली कडब्यात लपवायचा. “एकदा म्हशीनं तोंड घातलं, तर मी म्हशीच्या आधी बाटलीच बघितली, फुटली का म्हणून!” पुन्हा हशा. मीही हसलो... कारण माझीही बाटली कडब्यातच असायची. इतकी वर्षं जे मी मनात दाबून ठेवलं, ते हा माणूस चहा पीत सांगत होता. ती दारू सोडलेल्यांची आणि सोडू बघणाऱ्यांची बैठक होती. मी कधी बसलो ते कळलं नाही. उठलो तो बैठक संपल्यावरच.

हौसा स्टँडवर पिशवी घेऊन बसली होती. तिनं आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग पुन्हा घेतला.

“तंबाखू?”

“न्हाय घेतली.”

ती पदर तोंडाला लावून रडली.

दुसऱ्या दिवशी बारामतीला गाडी बदलून आम्ही सांगवीला पोचलो. मंगल दारातच आडवी आली, आईसारखाच तिनंही वास घेतला. आत गेली, बाळ आणलं, माझ्या हातांत दिलं. “नीट धरा आबा. मान सांभाळा.”

त्यानंतर मी दारूला शिवलो नाही, त्या बैठकीलाही जात राहिलो.

पण बैठकीत मी काय सांगत आलो? की मनाचा हिय्या करून मीच शोधत गेलो. हाळीचं सांगितलं असतं तर दारूचा भास म्हणाले असते. असेलही भास... पण भास मला गुत्त्यापासून उलट्या दिशेला, न पाहिलेल्या खोलीच्या दारापर्यंत कसा नेईल? गावानं फेटा बांधून माझा सत्कार केला, तेव्हाही मी गप्प राहिलो.

मध्यंतरी निरवांगीचा एक ट्रॅक्टरवाला बैठकीला यायचा बंद झाला. मी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, “आबा, तुमच्यासारखा हिय्या माझ्यात न्हाय. मला न्हाय जमायचं.”

माझं खोटं त्याला बुडवत होतं. तिथेच ओट्यावर बसून मी त्याला सगळं खरं सांगितलं.

“म्हंजी तुमी गुत्त्यालाच निघाला व्हता?”

“व्हय. दार दिसाय लागलं व्हतं.”

“आन् हिय्या?”

“कसला हिय्या घिऊन बसलास! शिव्या द्यायला गेलो व्हतो मी.”

तो इतका हसला की आतून त्याची बायको बाहेर येऊन बघायला लागली. मग त्यानं विचारलं, “पर आबा, हाळी दिली कुणी?”

“ते मला अजून ठाव न्हाय. मरेपर्यंत कळंल असं बी वाटत न्हाय.”

तो उठला. मग खुंटीवरचा सदरा काढून अंगात घालत म्हणाला, “असू द्या. चला, मीटिंगला उशीर व्हईल.”